तिघांचा काटा

वणीतल्या घरी आभानं किट मागवून काट्याचं मीटर बनवलं, तेव्हा पहिली चाचणी आईबाबांवरच घेतली. मीटरची एक वायर बाबांच्या हातात, दुसरी आईच्या, आणि दोघांचे मोकळे हात धरून ती स्वतः मधे बसली. काटा जिथं थांबला तिथं काचेवर तिनं नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला.

"हे आपण तिघं. मी उठली आन् तुम्ही दोघंच हात धरले, तर काटा याच्या पुढं जाईन. हात सोडले का पडलाच समजा."

आभाला जाऊन वर्ष झालं. आज तिच्या वाढदिवशी तिच्या आईनं, मंजुषानं, मीटर बाहेर काढलं.

"अहो, बसा ना जरा."

एकेक वायर हातात घेऊन नरहर दिवाणाच्या एका टोकाला बसले, ती दुसऱ्या. मधली जागा दोघांनीही सोडली होती. त्या जागेवरून मोकळा हात लांबवून त्यांनी एकमेकांचा हात धरला.

काटा ठिपक्यावर येऊन थांबला.

"सोल्डरचा जोड सुटला असन कुठं तरी," नरहर पुटपुटले आणि मीटर उघडायला त्यांनी तिचा हात सोडला.

काटा पडला नाही.

मंजुषाचा हात मधल्या जागेवर तसाच होता, बोटं अलगद मिटलेली.

"आता कोणीच उठू नका," ती म्हणाली.