चाळीस मैलांची थरथर

ताशी चाळीस मैलांना आमची छोटी ऑटोमॅटिक गाडी थरथरायची. टोलेडोतल्या आमच्या मेकॅनिकने, वेंडेलने, तेल दोनदा बदललं, शेवटी गिअरबॉक्सच दुसरा बसवला.

"आता मांडीवरची कॉफीसुद्धा हलणार नाही, पोरी."

गाडी खरंच थरथरली नाही. मागच्या सीटवर माझी आठ महिन्यांची लेक मेव्ह मात्र थरथरू लागली. वेग उतरला की थांबायची. डॉक्टरांना काहीच सापडलं नाही.

आज वेंडेलला तिच्याशेजारी बसवून निघाले. काटा चाळीसवर गेला तसा त्याने तिच्या पाठीवर तळवा ठेवला.

"तीच थरथर," तो हळूच म्हणाला.

"मग जुना गिअरबॉक्स परत घाला."

"तो केव्हाच कारखान्यात परत गेला, पोरी. ते दुरुस्त करून दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत बसवतात. आता कुठेतरी धावत असेल."

मी गाडी कडेला घेऊन थांबवली.

मेव्ह थांबली नाही.