मेडलपुढचा घास

पळसाच्या पानावरचा भात गार झाला, वड्यांवर माशा बसू लागल्या, तरी कावळा काही खाली उतरेना. छपराच्या कवेलूंवर बसून नुसती मान वाकडी करत होता.

"यंदाही नाही शिवत," सुमित्राबाई म्हणाली. "पन्नास वर्सं झाली, भाऊजी."

शालीकराम अंगणात उकिडवा बसला होता. एकाहत्तरच्या लढाईत रात्रीच्या पहाऱ्यावर गोळी लागून तिचा नवरा ईश्वरदास गेला. मूलबाळ नव्हतं, म्हणून पितरांच्या दिवसांत त्याच्या नावाचा घास ठेवायला त्याच्याच पलटणीतला शालीकराम दरवर्षी तिरोड्याहून सालेकशाला यायचा. पानाशेजारी लाल फडक्यावर सुमित्राबाई नवऱ्याचं मेडल मांडायची, त्याला हळदकुंकू वाहायची. तिला वाचता येत नव्हतं, हे शालीकरामच्या पथ्यावर पडलं होतं.

पण यंदा त्याला स्वतःच्या तब्येतीचा भरवसा उरला नव्हता. त्याने खिशातून तसंच दुसरं मेडल काढलं आणि पानापाशी ठेवलं.

"हे त्याचं, वहिनी. ते माझं."

सुमित्राबाई बघतच राहिली.

"मेडलच्या काठावर शिपायाचं नाव कोरून राह्यते. साहेबानं त्याचं मेडल मायाजवळ देलं, वहिनीले नेऊन दे म्हणून. दोन्ही एकाच खिशात होते. तुमच्या हातात माझं गेलं. घरी जाऊन नाव वाचलो, तवा समजलं."

"मंग परत काऊन नाही आणलं?"

त्या मरणापाशी आपलंच नाव असावं, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. दरवर्षी स्वतःच्याच नावाला जेवू घालताना अंगावर काटा यायचा, तरी तो यायचाच. पण हे सांगायला जीभ उचलेना.

सुमित्राबाई रागावली नाही. उलट तिचा चेहरा उजळला. "म्हणून शिवत नोहता! जित्या माणसाले घास घालून राहिली होती मी." तिने त्याच्या मेडलवरचं कुंकू पदराने पुसलं, ते त्याच्या हातात दिलं, नवऱ्याचं फडक्यावर ठेवलं आणि हात जोडून वर पाहू लागली.

कावळा हलला नाही. ऊन ओसरीच्या पायरीवर चढलं, तरी नाही.

तिचे हात हळूहळू खाली आले. "मेडलचं नाही मंग. माझंच हाय. शेवटच्या सुट्टीतून जाताना भांडली होती मी त्याच्याशी. दरवाज्यातही नाही आली. तेच मनात घेऊन गेला तो."

शालीकरामला स्वतःची शिसारी आली. आपण गप्प बसलो आणि ही बिचारी जन्मभर स्वतःलाच दोष देत राहिली.

"वहिनी, त्या राती पहारा माझा होता."

ती त्याच्याकडे वळली.

"अंगात ताप हाय, म्हणलो मी त्याले. तो म्हणे, झोप, मी जातो. आपलं कांबळ मायाच अंगावर टाकून गेला." त्याने हातातलं मेडल जमिनीवर ठेवलं. "ताप नोहता. भेव लागून होतं."

वर पंख फडफडले, मग पळसाचं पान वाजलं. दोघांपैकी कोणीही तिकडे पाहिलं नाही.