विस्कटलेला प्रकाश

सत्काराला निघण्याआधी सर प्रयोगशाळेत डोकावले नसते, तर शेंडेफळानं त्या दिवशी तोंड उघडलंच नसतं. सरांची ही शेवटची विद्यार्थिनी, म्हणून सगळे तिला शेंडेफळच म्हणत.

"काय म्हणतोय आपला रेणू?" स्वारी खुशीत होती. लेझरच्या झोतातला कुठला रंग आधी सोडायचा, कुठला मागून, हे जुळवलं की रेणू आपण म्हणू तिथंच तुटतो, असं सरांनी जगाला दाखवलं होतं. सत्कार त्याचाच होता.

"सर, मी रंगांचा क्रम विस्कटून पाहिला."

"छान केलंस. मग तुटला असेल कुठंही, वेड्यासारखा."

तिनं संगणकाच्या पडद्यावर दोन्ही मोजमापांच्या आलेखाच्या रेघा लावल्या. ही चाचणी इतक्या वर्षांत कुणी केलीच नव्हती. पहिल्याच खेपेला रेणू हवा तिथं तुटला होता, मग शंका कोण घेणार?

सर पडद्याशी वाकले. "ही आपली नेहमीची रेघ. आणि विस्कटलेल्या प्रकाशाची कुठंय?"

"हिच्याच खाली आहे, सर."

"खाली कुठं?"

"बरोब्बर खाली. म्हणून दिसत नाही."

सरांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. म्हणजे क्रमाचा काही संबंधच नव्हता. रेणू प्रकाशानं नुसता तापत होता आणि जिथं कच्चा होता तिथं तुटत होता. शेगडीवर ठेवला असता तरी तिथंच तुटला असता. उभा जन्म घातला आणि सगळं मुसळ केरात.

"परत मोजलंस?"

"सकाळपासून तेच करतेय, सर." तिला रडू फुटलं. आजच कुठून ही बुद्धी झाली, असं तिला झालं होतं.

दारात सरांची बायको आली, हातात कोट घेऊन. "अहो, चला ना. तिकडे सगळे खोळंबलेत."

तिनं कोट धरला. सरांना बाही सापडेना. शेवटी तिनंच त्यांचा हात धरून आत घातला.

"काय बोलू गं तिथं?" सर म्हणाले.

"काय म्हणजे? नेहमीचंच बोला." ती हसत कॉलर नीट करू लागली. "इतक्या वर्षांत कुणाला काय कळलंय तुमचं?"

सर हसले नाहीत. त्यांनी शेंडेफळाकडे पाहिलं.

"हिला कळलंय," ते म्हणाले.