चिमणीची काळजी

“तुझ्या खोलीतल्या चिमणीवर जरा लक्ष ठेव,” रेक्टरबाई लंबूला म्हणाल्या. “तिला एकटीला जेवू देऊ नकोस. आणि मी सांगितलंय, हे तिला कळू देऊ नकोस.”

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या लंबू आणि चिमणी हॉस्टेलच्या एका खोलीत राहायच्या खऱ्या, पण बोलायला सवड होती कुणाला? सकाळी वॉर्ड, दुपारी वर्ग, मग पुस्तकं. गेल्या महिन्यात वॉर्डातले थट्टेखोर आजोबा गेले. दोघी त्यांच्या उशाशीच होत्या. सिस्टर एवढंच म्हणाल्या, “चादर बदला, दुसरा पेशंट येतोय.” चिमणीने तेच मनाला लावून घेतलं असणार, लंबूने ताडलं.

त्या दिवसापासून ती चिमणीला ओढून मेसमध्ये नेऊ लागली.

“तू खाल्लंस तरच मी खाईन,” चिमणी हटून बसायची.

मग काय, लंबूला जेवावंच लागे. झोपायचंही तेच. लंबूने पुस्तक मिटल्याशिवाय चिमणी दिवा मालवू देत नसे. या पोरीपायी आपला अभ्यास बुडणार, असं लंबूला वाटे. पण घेतलेली जबाबदारी टाकायची कशी?

एका संध्याकाळी दोघी गच्चीवर कपडे काढायला गेल्या. चिमणीला बोलतं करावं म्हणून लंबूनेच विषय काढला.

“आजोबा मला ‘खांब’ म्हणायचे, आठवतं?”

“हो. आणखी काय म्हणायचे?”

“म्हणायचे, खांबा, तू आहेस तोवर हे छप्पर पडायचं नाही.” हातातल्या टॉवेलात तोंड खुपसून लंबू हमसून हमसून रडली. चिमणी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिचेही डोळे भरून आले होते. चला, हिचं मन एकदाचं मोकळं झालं, लंबूला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर ती रेक्टरबाईंना ही खुशखबर द्यायला गेली. दार लोटलेलं होतं. आतून ओळखीचा आवाज आला.

“बाई, लंबू आता पोटभर जेवते, झोपतेही. काल तर एकदाची रडली. पण तुम्ही मला लक्ष ठेवायला सांगितलंय, याचा तिला पत्ता लागू दिलेला नाही हं मी!”