लाल पातळ

हवाईदलाचं हेलिकॉप्टर घळीतून बाहेर पडलं आणि वैमानिक धनावडेला घराच्या गच्चीवर कुरडयांच्या वाळवणात उभी असलेली आई दिसली. सरावाचा मार्ग त्याच्या गावावरूनच जायचा. आवाज आला की ती हातातलं काम टाकून गच्चीवर यायची, एक हात हलवायची. आज मात्र ती दोन्ही हातांनी लाल पातळ जोरजोरात हलवत होती.

"मातोश्री आज भलत्याच खुशीत दिसताहेत," तो हसला. गावापाशी तो ठरलेल्या उंचीच्या खाली नेहमीच यायचा. आज आणखी खाली आला.

"तार! वर घे, वर!" शेजारचा सहवैमानिक किंचाळला.

धनावडेने जिवाच्या आकांताने दांडा खेचला. करड्या कातळात मिसळून गेलेली विजेची जाड तार अचानक काचेसमोर उगवली आणि जेमतेम पायांखालून सरकली.

संध्याकाळी त्याने घरी फोन लावला. आईचा आवाज पार बसला होता.

"कालच ह्या डोंगरावरून त्या डोंगरावर तार ओढलीय रे. घसा फुटेस्तोवर ओरडले. पातळ हलवून नको नको म्हणत होते, आणि तू आणखीच खाली आलास."

"चुकलं, आई. पुन्हा असं..."

"आता आवाज आला तरी मी गच्चीवर येणार नाही," ती म्हणाली. "मी दिसलेच नाही, तर तू कशाला खाली येशील?"