ट्रँगलचा एक टोला

आजारपणात आईचा आवाज गेला, तेव्हा ती पेल्यावर चमचा वाजवून मला बोलवायची. माझ्या नव्या वाद्यवृंदरचनेच्या शेवटी मी तिच्यासाठी ट्रँगलचा, म्हणजे त्या टांगलेल्या धातूच्या त्रिकोणाचा, एकच टोला लिहिला आणि कार्यक्रमपत्रिकेत तसं ठळक छापूनही घेतलं. आज पहिल्या प्रयोगाला मी समीक्षकाची मान डोलते का, एवढंच बघत बसलो होतो. टाळ्या थांबल्यावर तो डोळे टिपत आला. "काय तो टोला! काळजात घुसला हो." ताई गळ्यात पडली. "अगदी आईचा चमचा रे!" मीही घाईघाईने गहिवरून घेतलं. तेवढ्यात ट्रँगलवाला ओशाळून पुढे आला. "माफ करा साहेब, मात्रा मोजताना चुकलो. टोला द्यायचाच राहिला." मला समीक्षकाची शिसारी आली, ताईची आली. मग स्वतःची आली, ती जाईना. तेव्हा आईचा चमचा वाजायला लागला, की सुचत असलेली सुरावट मोडू नये म्हणून मी उठून दार लावून घ्यायचो.