अर्धी मिशी

पैज लागली तेव्हा नानांच्या गालावर साबणाचा फेस होता.

"आज नव्वदी तुमची. पोरं भाषणं ठोकणार," न्हावी म्हणाला. "कुणीतरी गेलेल्या काकूंचं नाव काढेलच."

"नाही काढणार."

"लावता पैज?"

"लावतो. कशाची?"

न्हाव्यानं विचार केला. दोघांकडे मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती. "अर्धी मिशी. हरेल त्याची, तिथंच, सगळ्यांसमोर."

"घरातल्या एकानं जरी माझ्या बायकोचं नाव काढलं, तरी मी हरलो," नाना म्हणाले. मग हळूच, "हरलो तर बरंच आहे रे."

वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशी नानांचा सैल झालेला कोट बारीक करून द्यायला आल्या होत्या. दर वर्षी कोट तोच, नाना कमी. "काय हा पोरखेळ, नाना!"

"तू पंच."

"बरं. मला मिशी नाही, म्हणजे मी कुणाच्याच बाजूची नाही."

संध्याकाळी गच्चीवर खुर्च्या मांडल्या. थोरल्यानं माईक धरला.

"मला टायफॉइड झाला होता. नाना रात्र-रात्र उशाशी बसून कपाळावरच्या पट्ट्या बदलायचे."

टाळ्या. नानांनी हात जोडले. त्या काळात ते छापखान्यात रात्रपाळीला होते. पहाटे शाईचे हात घेऊन यायचे आणि आडवे व्हायचे.

मग लेक उठली. "सायकल मला नानांनी शिकवली. सीट धरून मागून धावायचे, पार गल्लीच्या टोकापर्यंत."

गल्लीच्या टोकापर्यंत जायचं ते नानांचं घोरणं. न्हावी मागच्या रांगेत फिसकन हसला. मावशींनी त्याला कोपर मारलं.

जावई म्हणाले, "नानांनी घरात कधी आवाज चढवला नाही."

चढवला होता. उतरवणारी वेगळी होती.

काकू जाऊन इतकी वर्षं झाली होती, की तिचं सगळं करणं-सवरणं आता नानांच्या खात्यावर जमा होत होतं. कुणी खोटं बोलत नव्हतं. सगळ्यांना तसंच आठवत होतं. हात जोडून जोडून नानांचे खांदे भरून आले. मान कोटाच्या कॉलरमध्ये गेली. धाकटा बोलला, सून बोलली, आणि प्रत्येक भाषणागणिक नाना आणखी थोर आणि आणखी दमलेले दिसू लागले.

"गेली माझी," न्हावी मिशी चाचपत पुटपुटला. वस्तऱ्याची पेटी त्यानं खुर्चीखाली आणूनच ठेवली होती.

"नाना, आता तुम्ही दोन शब्द," थोरला म्हणाला.

नाना खुर्चीचा हात धरून उठले. माईक त्यांनी हातात घेतला आणि ते थोरल्याकडे वळले.

"तुझ्या उशाशी बसायची ती तुझी आई. मी कामावर होतो." ते लेकीकडे वळले. "सायकलमागे तीच धावली. एक चप्पल तुटली, तर अनवाणी धावली. मी झोपलो होतो." मग त्यांनी काकूंचं नाव घेतलं. नुसतं नाव, लग्नाआधीचं. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. ते त्यांच्या कानांवर कधी पडलंच नव्हतं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"अहो नाना!" न्हावी मागून ओरडला. "जिंकत होतात की! गप्प बसला असतात तर!"

"नाना घरातलेच," मावशी म्हणाल्या. "नाना हरले."

नाना मटकन खाली बसले आणि हनुवटी वर केली. "ये रे. दिलेला शब्द आहे."

"नाना, काय करताय हे?" थोरला धावत आला, पण तोवर वस्तरा फिरला होता. न्हाव्यानं इतक्या सावकाश कधी कुणाची मिशी काढली नव्हती. डावी बाजू साफ. उजवी तशीच, पांढरी, टोकाला वळवलेली.

लेकीनं कपाळावर हात मारला. "घरचा फोटो राहिलाय अजून! भिंतीवर लावायचाय तो!"

"मग काढा की. बसा सगळे."

"असा? लोक विचारतील ना, नाना, अर्धी मिशी कुठं गेली म्हणून!"

"विचारू देत," नाना म्हणाले आणि डावा गाल कॅमेऱ्याकडे केला. "म्हणजे तुम्हाला सांगावं लागेल."